पाण्याचा दाता कोण?



माझ्या हातून घडलेली एक चूक आधी आपल्यापुढे ठेवते आणि मग मूळ प्रश्नाकडे वळते.

मी मराठवाड्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. गेल्या उन्हाळ्यात जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीने त्या तलावातील गाळ काढून दिला आणि आमच्या शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवून दिले. तलावाच्या बांधावर मोठा फलक लागला. कंपनीने इतके कोटी लिटर पाणी निसर्गाला परत केले, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. यंत्राच्या उद्घाटनाला साहेब मंडळी आली. मानपत्र लिहिण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले. मी त्यात ‘पाण्याचे दाते’ असे शब्द घातले आणि ते मानपत्र सर्वांसमोर वाचले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी हे सारे कौतुकाने सांगितले. आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, “तळं तर आम्ही खांदलं व्हतं, बाई.” एवढेच बोलली आणि उठून आत गेली.

आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९७२ च्या दुष्काळात हा तलाव दुष्काळी काम म्हणून खोदला गेला. आमच्या वस्तीतील बाया-माणसांनी तिथे माती वाहिली, खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. आजी तेव्हा पंचविशीची होती. ज्या हातांनी तो बांध घातला त्या हातांचे नाव बांधावर नाही. गाळ काढणाऱ्याचे मात्र आहे. आणि ते नाव ‘दाता’ म्हणून वाचून दाखवणारी मी, त्याच हातांची नात!

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही, तो असा : एखाद्याने सर्वांच्या मालकीची वस्तू घेतली आणि तीतली काही परत केली, तर ते दान होते काय? आणि घेताना कोणाला विचारलेच नसेल, तर नुसत्या परत करण्याने ते घेणे निर्दोष ठरते काय?

प्रथम जे चांगले आहे ते चांगले म्हटले पाहिजे. गाळ काढल्याने खालच्या दोन-तीन विहिरींना पाणी टिकले. काढलेला गाळ शेतात पसरल्याने जमिनी सुधारल्या. शाळेतील मुले यंत्राचे पाणी पितात, मीही पिते. एखादा कारखाना आपले सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरत असेल, एका पोत्या मालामागे पूर्वीपेक्षा कमी पाणी लावत असेल, छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवत असेल, तर त्याला नावे ठेवणे हा अविचार होईल. प्रश्न कामाचा नाही. त्या कामाला जे नाव दिले जाते आणि त्या नावाच्या आड जे झाकले जाते, त्याचा आहे.

‘दान’ हे नाव कायद्याच्या दृष्टीनेही टिकत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावयाची असते. पिण्याचे शुद्ध पाणी, माती आणि पाण्याचे जतन ही कामे त्या यादीत आहेत. म्हणजे हा कायद्याने लावून दिलेला खर्च आहे. शेतसारा भरणाऱ्याला आपण दाता म्हणत नाही. मग येथेच हारतुरे कशासाठी?

आता फलकावरच्या कोटी लिटरांकडे वळू. मी चौथीच्या मुलांना घनफळाचे गणित शिकवते, म्हणून हा हिशेब मला समजतो. १ घनमीटर गाळ काढला की १ हजार लिटर पाण्याची जागा मोकळी होते. जितके घनमीटर गाळ, तितके हजार लिटर. वर्षातून दोनदा तलाव भरेल असे धरले की आकडा दुप्पट होतो. गणित बरोबर आहे. परंतु ते मोकळ्या जागेचे गणित आहे, पाण्याचे नव्हे. रांजण धुऊन ठेवला म्हणजे तो भरला असे होत नाही. पावसाने पाठ फिरवली तर तलाव कोरडा राहतो, पण फलकावरचे कोटी लिटर आटत नाहीत. उलट कारखान्याने उपसलेले पाणी हे खरोखरचे पाणी असते. ते मीटरवर मोजलेले असते आणि दुष्काळातही उपसले जाते. तेव्हा वहीच्या एका पानावर खरे पाणी आहे आणि दुसऱ्या पानावर संभाव्य पाणी आहे. या दोहोंची वजाबाकी करून शिल्लक काढली, तर तिला काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी सर्वत्र सारखे पसरलेले नसते. ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत थोडेथोडे साठते. एका ओढ्याच्या पाणलोटात मुरवलेले पाणी दुसऱ्या पाणलोटातील विहिरीला जाऊन मिळत नाही. पैसा एका गावात घेऊन दुसऱ्या गावात फेडता येतो, पाण्याचे तसे नाही. या गावची विहीर आटवून पलीकडच्या तालुक्यात तळे बांधले, तर कंपनीची वही जुळते. पण या गावच्या बाईची घागर रिकामीच राहते.

याचे जगजाहीर उदाहरण पाहा. कोका-कोला कंपनीने २००७ मध्ये जाहीर केले, की आपण पेयांत आणि त्यांच्या उत्पादनात जितके पाणी वापरतो तितके निसर्गाला आणि समाजाला परत करू. त्यासाठी २०२० ही मुदत ठेवली होती. हे उद्दिष्ट २०१५ मध्येच गाठले, असे कंपनीने पुढे जाहीर केले. हा हिशेब साऱ्या जगाचा मिळून केलेला होता आणि पेयातील साखरेसाठी ऊस पिकवायला लागणारे पाणी त्यात धरलेले नव्हते. उसाला किती पाणी लागते हे मराठवाड्यातील वाचकांना मी सांगायला नको.

याच कंपनीच्या भारतीय शाखेचा एक कारखाना केरळात पालक्काड जिल्ह्यात, पेरुमाट्टी ग्रामपंचायतीच्या हद्दीतील प्लाचिमडा येथे २००० साली सुरू झाला. भोवताली आदिवासींच्या आणि दलितांच्या वस्त्या होत्या. थोड्याच काळात तेथील विहिरींचे पाणी खाली गेले, आणि जे उरले ते पिण्यालायक व स्वयंपाकालायक राहिले नाही, अशी त्या बायांची तक्रार होती. २२ एप्रिल २००२ रोजी त्यांनी कारखान्याच्या दारासमोर धरणे धरले. इरवलर या आदिवासी जमातीतील मयिलम्मा त्यांच्या पुढारी झाल्या. कारखान्याचा गाळ खत म्हणून शेतकऱ्यांना दिला जात होता. त्यात कॅडमियम आणि शिसे असल्याचे २००३ मध्ये बी. बी. सी. ने करून घेतलेल्या तपासणीत आढळले. कंपनीने आपल्यावरील आरोप नाकारले. पंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले, आणि मार्च २००४ पासून कारखाना बंद राहिला.

प्रकरण न्यायालयात गेले, आणि तेथे आपला प्रश्नच उभा राहिला : जमिनीखालचे पाणी कोणाचे? १६ डिसेंबर २००३ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निर्णय दिला, की भूजल ही जनतेची संपत्ती आहे, शासन तिचे विश्वस्त आहे, आणि जमिनीचा मालक आहे म्हणून कोणालाही वाटेल तितके पाणी उपसता येणार नाही. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने उलट भूमिका घेतली. कायद्याने मनाई केलेली नसेल तर आपल्या जमिनीतील पाणी काढण्याचा मालकाला अधिकार आहे असे म्हणून तिने रोज ५ लाख लिटर पाण्याची मुभा दिली. या दुसऱ्या विचारामागे १८८२ च्या इंग्रजी अमदानीतील सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत आहे, की जमीन ज्याची, तिच्या पोटातले पाणी त्याचे. आता विचार करा, ज्यांच्याकडे शतकानुशतके जमीनच येऊ दिली नाही, त्यांच्या वाट्याला या न्यायाने पाणी किती येणार?

पुढे २०१० मध्ये केरळ सरकारच्या उच्चाधिकार समितीने तेथील नुकसान सुमारे २१६ कोटी रुपयांचे ठरवले. २०११ मध्ये विधानसभेने भरपाईसाठी न्यायाधिकरणाचे विधेयक मंजूर केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. कारखाना पुन्हा सुरू करण्याचा विचार नाही, असे कंपनीने २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. मयिलम्मा त्यापूर्वीच, २००७ मध्ये, वारल्या होत्या.

रोज ५ लाख लिटर म्हणजे किती? लातूरकरांना ते चांगले ठाऊक आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली, तेव्हा १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले होते. एका कारखान्याला रोज मुभा मिळालेले पाणी आणि तहानलेल्या शहरासाठी आलेली पहिली गाडी, दोन्ही सारखीच. खेड्यात माणशी रोज ५५ लिटर हे आजचे सरकारी प्रमाण धरले, तर तेवढ्यात ९ हजार माणसांचा दिवस निघतो. त्याच उन्हाळ्यात औरंगाबादेतील (आता छत्रपती संभाजीनगर) बिअर आणि दारूच्या कारखान्यांचे पाणी आधी ५० टक्के आणि मग ६० टक्के कमी करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला द्यावा लागला. न्यायालयाला सांगावे लागले, याचाच अर्थ कारखान्यांच्या वहीतील जलसंवर्धनाने ते आपोआप झाले नव्हते. आणि हा प्रश्न कारखानदारांपुरता नाही. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती असा क्रम लावला होता. तो बदलून शेतीला दुसरे स्थान देण्यास २०११ साल उजाडावे लागले.

बंधुभगिनींनो, आपल्याला हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर कळला पाहिजे, कारण आपला लढाच पाण्यापासून सुरू झाला. महाडच्या चवदार तळ्यात पाणी कमी होते म्हणून काय परमपूज्य बाबासाहेब तेथे गेले? तळे भरलेले होते. गुरेढोरे त्यावर पाणी पीत होती. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी आपले झाले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी चालत जाऊन ते ओंजळीत घ्यावे लागले, त्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली, आणि खटल्याचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडले. महाडचा प्रश्न लिटरांचा नव्हता, माणूस म्हणून असलेल्या हक्काचा होता.

माझी आजी लहानपणी विहिरीच्या खाली घागर घेऊन उभी राहायची. वरच्या एखाद्या बाईला दया आली तर ती वरून पाणी ओतायची. त्या बाईंपैकी काही खरोखर मायाळू होत्या, असे आजी आजही सांगते. परंतु मायाळू हातांनी ओतलेले पाणीसुद्धा वरून ओतलेलेच होते. विहीर कोणाची, हे विचारण्याची सोय त्या मायेत नव्हती. फलकावरच्या ‘परत दिलेल्या’ पाण्याचे तसेच आहे. देणारा वर आणि घेणारा खाली, हा क्रम तो तसाच ठेवतो. म्हणून राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा उल्लेख दया म्हणून केलेला नाही, हक्क म्हणून केलेला आहे.

आता धम्माच्या दृष्टीने पाहू. पंचशीलातील दुसरे शील आपण रोज म्हणतो, अदिन्नादानापासून विरत राहण्याचे. त्याचा अर्थ आपण ‘चोरी करू नये’ असा घाईने करून मोकळे होतो. पण शब्द त्याहून सूक्ष्म आहे. जे दिलेले नाही ते घेऊ नये, असे ते शील सांगते. म्हणजे कायदा काय म्हणतो एवढेच पाहून भागत नाही. ही वस्तू मला कोणी दिली, हे विचारावे लागते. जमिनीखालच्या पाण्याचा दाता कोण? सातबारा ज्याच्या नावाचा तो नव्हे. शासन विश्वस्त असेल, तर तेही दुसऱ्याच्या वतीने देणारे आहे. ज्यांच्या विहिरी त्या झऱ्यावर जगतात त्या सर्वांचे ते पाणी आहे, आणि त्यांना विचारले नसेल तर ते ‘दिलेले’ नाही. न दिलेले घेतल्यावर त्यातले थोडे वाटले, तर शील पाळले असे होत नाही. बौद्ध परंपरेत दान हे न्यायाने मिळवलेल्या वस्तूचेच गौरवले आहे.

दुसरे उदाहरण तथागतांच्या जीवनातले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहणे हे मानले नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे कारण त्यांनी पुढे मांडले. शाक्य संघ युद्धास निघाला तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. त्याने सुचवले, की दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून निवाडा करावा. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले आणि त्याने घर सोडले. या प्रस्तावात पाणी किती याला पहिले स्थान नाही. हिशेब एका पक्षाने एकट्याने लिहायचा नाही, दोघांनी समोरासमोर बसून लिहायचा, हे त्याचे सार आहे. आजच्या जलसंवर्धनात नेमकी याचीच उणीव आहे. घेणारा तोच, मोजणारा तोच, परत केले म्हणणारा तोच, आणि प्रशस्तिपत्र घेणाराही तोच!

येथे मला स्वतःकडेही बोट दाखवले पाहिजे. नोकरी लागल्यावर मी घरामागे ३५० फूट बोअर घेतली. पैसे माझे, जागा माझी. दोन वर्षांनी शेजारच्या हातपंपाचा दांडा जड झाला, आणि मग पाणी येईनासे झाले. माझ्या बोअरमुळेच असे मी शपथेवर सांगू शकत नाही, परंतु नाही असेही सांगू शकत नाही. मी शेजाऱ्यांना नळी लावून पाणी देऊ लागले तेव्हा ते मला दुवा देऊ लागले, आणि मला ते बरे वाटू लागले. लक्षात घ्या, कंपनीचा दोष लहान मापाने माझ्यातही आहे. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो, की हे असले म्हणजे ते होते. तो पुस्तकात वाचून संपत नाही, तो बोअर आणि हातपंप यांच्यामध्येही आहे. आज मी नळी बंद केलेली नाही, पण शेजाऱ्यांसह बसून बोअर किती तास चालवायची हे आम्ही ठरवले आहे. दुवा कमी झाल्या, संबंध सरळ झाले.

कोणी असे समजू नये, की मी कारखान्यांच्या विरुद्ध आहे. आपल्या मुलांना गावच्या गुलामीतून सोडवणारी वाट बहुधा कारखान्याच्या फाटकातूनच गेली आहे. स्वतः बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना चालना देत होते. पाणी साठवून त्यातून वीज, सिंचन आणि जलवाहतूक घडावी, असा त्यांचा आग्रह होता. पाण्याच्या योजना खोऱ्याचा समग्र विचार करून व्हाव्यात, ही त्यांची दृष्टी होती. आजच्या ‘शाश्वत जलव्यवस्थापन’ या शब्दात जे चांगले आहे ते त्यांनी तेव्हाच पाहिले होते. फरक एवढा, की त्यांच्या दृष्टीत ते लोकांचे काम होते, कंपनीच्या नावाचा फलक नव्हता.

तेव्हा उद्या आपल्या गावात कोणी पाणी परत द्यायला आले, तर त्याला हाकलू नका आणि त्याचे पायही धरू नका. ग्रामसभेत बसवा आणि विचारा. तुम्ही कोठून, किती पाणी घेता? दुष्काळात किती कमी कराल? परत करता ते त्याच पाणलोटात की दुसरीकडे? सांडपाणी कोठे जाते? हा हिशेब मराठीत चावडीवर लावाल काय, आणि तो तपासायला आमची माणसे घ्याल काय? वस्तीतल्या बायांना या सभेत पुढे बसवा, कारण पाणी किती खोल गेले हे त्यांच्या हाताला आधी कळते. उत्तरे नीट मिळाली तर कामाला जरूर हात लावा. मिळाली नाहीत, तर फलक लावू देऊ नका.

राहिली माझी चूक. ते मानपत्र शाळेच्या दप्तरात आहे. मुख्याध्यापकांना सांगून मी त्याला एक पान जोडले आहे. १९७२ साली त्या बांधावर माती वाहणाऱ्या आमच्या वस्तीतील ज्या बाया-माणसांची नावे आजीला आठवली, ती त्यावर लिहिली आहेत. सत्तावीस नावे निघाली. पुढच्या २० मार्चला मुलांना तलावावर नेऊन ती मोठ्याने वाचायची, असे ठरवले आहे. तेथे ‘दाते’ हा शब्द मी उच्चारणार नाही.

जयभीम.